तव्याला झालंय तरी काय

२३ नोव्हेंबर, रविवार

दादाने आज मुरबाडवरून एक लोखंडी पेटी आणलीय. मोटारसायकलच्या मागे दोरीने आवळून. ज्या फार्महाऊसवर तो माळीकाम करतो तिथल्या शेठने नवीन मोठी घेतली, ही जुनी याला दिली. गॅसची ग्रिल बोलतात तिला. सुटकेससारखी उघडते. आत दोन बर्नर, पुढे दोन बटणं, वर जाळी. शेठचे पाहुणे त्या जाळीवर कोंबडी भाजायचे. जाळी काढून ठेवली की तिच्या जागी एक बिडाचा तवा बसतो. चौकोनी, चारी बाजूंना काठ. इतका जड की मी एका हाताने उचलायला गेली तर मनगट वळलं.

दादा बोलला, ह्याच्यावर आपण धंदा टाकायचा. आईने विचारलं, कसला. तो बोलला, घावनांचा. संध्या घावन मस्त घालते.

संध्या म्हणजे मी. मी तिथेच लसूण सोलत बसली होती. मला कुणी काय विचारलं नाय. घरात माझ्याबद्दल बोलणं निघालं की मी बाहेरगावी गेलेली असते असं सगळ्यांना वाटतं.

मग आईने ठरवूनच टाकलं. आता रविवारी तानसाच्या रस्त्यावर बसून बघायचं, धरणावर मुंबईची माणसं येतात. जानेवारीत म्हसा गावची मोठी जत्रा. जत्रेत जमलं तर बरं. नाय जमलं तर संध्या नेहाबरोबर गोडाऊनला जाईल.

नेहा आमच्या शेजारची. तिच्या कंपनीची बस सकाळी नाक्यावर येते. गेल्या वर्षी मी थोडे दिवस गेली होती तिच्याबरोबर, पॅकिंगला. तिथला सुपरवायझर माईकवरून नाव पुकारतो. माझं नाव आलं की माझ्या हातातला बॉक्स पडायचा, मग परत माझंच नाव यायचं. नववीत बाई फळ्याजवळ उभं करायच्या तर मला घाम फुटायचा, त्यापायीच मी शाळा सोडली. शाळेत निदान माईक तरी नव्हता.

मला परत तिथे जायचं नाय. म्हणजे आता सगळं ह्या कोंबडीच्या पेटीवर आलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

दादाने शहापूरवरून छोटा सिलिंडर नि पाइप बसवून आणला. संध्याकाळी अंगणात पेटी पेटवली.

तव्याची एक बाजू सपाट आहे, दुसऱ्या बाजूला उभ्या रेघा. दादाने रेघांची बाजू वर ठेवली. बोलला, हॉटेलात अशीच असते. मी बोलणार होती की घावनाचं पीठ पातळ असतं. नाय बोलली. पीठ रेघांमध्ये जाऊन बसलं, त्याच्या शेवया झाल्या. त्या खरवडता खरवडता उलथन्याचा दांडा निघून आला.

मग तवा थंड करून उलटा केला. सपाट बाजूला पीठ पसरलं पण आमच्या अंगणाला उतार. सगळं पीठ वाहत काठाच्या खोबणीत गेलं. खोबणीला एक भोक आहे, कोंबडीची चरबी गळायला. त्यातून पीठ खालच्या ट्रेमध्ये. दादा खाली वाकून बघतोय नि सांगतोय, येतंय, येतंय, इकडून येतंय. जसं काय नळाला पाणी आलं.

मी पेटीच्या एका पायाखाली कौलाचा तुकडा सारला. भोकात उकडीचा गोळा दाबून बसवला. मग पीठ जागेवर राहिलं. दादा बोलला, बघा, बसवलं का नाय बरोबर.

येसूआत्या ओटीवरून बघत होती. येसूआत्या बाबांची मोठी बहीण. बाबा होते तेव्हापासून ती आमच्याकडे आहे, आता बाबा नाय पण ती आहे. शहापूरला लग्नाच्या हॉलवर तिने कितीतरी वर्षं भांडी घासली. गुडघे गेले म्हणून ते काम सोडलं. पण घरातली भांडी दुसऱ्या कुणी घासलेली तिला चालत नाय. पहाटे उठून वंदना करते नि मग बोरिंगवर जाऊन बसते, विटेचा चुरा आणि नारळाची शेंडी घेऊन. आमच्या टोपात बघून केस विंचरता येतात.

तवा थंड झाल्यावर ती तोही घेऊन गेली. बोलली, परक्या घरातनं आलाय, आधी नीट घासू दे.

३० नोव्हेंबर, रविवार

तानसाच्या रस्त्यावर बसलो. आज सकाळपासून माझं डोकं फिरलंय.

पहिली गोष्ट वारा. धरणावरून असा वारा येतो की बर्नर एका बाजूने विझतो. मग तवा अर्धा गरम, अर्धा गार. दादा पत्र्याचा तुकडा धरून उभा राहिला, पण गिऱ्हाईक आलं की पत्रा सोडून त्याच्याशी बोलायला जायचा.

दुसरी गोष्ट चिकटणं. एक घावन धड निघेल तर शपथ. तेल घातलं तरी चिकटतं, जास्त घातलं तरी चिकटतं. उलथनं घातलं की मधोमध फाटतं. घरच्या तव्यावर माझं घावन असं उठतं की वाऱ्याने उडेल. ह्या तव्यावर घातलं की सिमेंट.

एक गाडीवाला साहेब बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होता. मग दादाला विचारतो, ही भुर्जी कसली आहे. दादा जरा पण न थांबता बोलला, घावन भुर्जी, साहेब, इकडची स्पेशल आयटम आहे. साहेबाने दोन प्लेट घेतल्या. बायकोला सांगत होता की गावाकडे असंच खातात.

मला खाली वाकून पेटीत शिरावंसं वाटत होतं.

२ डिसेंबर, मंगळवार

दोष तांदळाचा असेल म्हणून जुना तांदूळ दळून आणला. चिकटलं. पीठ जास्त वेळ भिजवलं. चिकटलं. मीठ नंतर घातलं. चिकटलं. दादा बोलतो तुझा हात बिघडलाय. मग आईच्या चुलीवर त्याच पिठाचं घातलं तर अख्खं उठलं. हात बिघडला असता तर तिथे पण बिघडला असता ना. हे मी त्याला बोलली नाय, इथे लिहिते.

रात्री जेवताना आत्या बोलली, तव्याचा काय दोष नाय, मी स्वतः घासते, एक कण ठेवत नाय.

ते खरं आहे. बिचारी त्या तव्यासाठी एवढी मेहनत घेते, तरी चिकटतो.

४ डिसेंबर, गुरुवार

दादाच्या मोबाईलवर एक हिंदी व्हिडिओ बघितला. बिडाचा तवा मुरवायला लागतो. मंद गॅसवर तापवायचा, कापडाने पातळ तेल फिरवायचं, धूर येऊ द्यायचा, परत तेल. दोन्ही बटणं बारीक ठेवायची, एकदम मोठी नाय. पुढे तो माणूस सांगत होता की आता सबसे जरुरी बात, आणि नेट संपलं.

तरी मी केलं. संध्याकाळभर बसली. तवा असा काळाभोर झाला, नवीन बुटासारखा. त्यावर एक घावन घातलं. सुटलं. उलथनं लावायच्या आधीच कडा वर आल्या. मी आईला हाक मारणार होती, पण म्हटलं उद्या सगळ्यांसमोर घालून दाखवू.

५ डिसेंबर, शुक्रवार

चिकटलं.

सगळ्यांसमोर चिकटलं. सकाळी तवा बघितला तर राखाडी, कोरडा. एवढं तेल पाजलं ते गेलं कुठे. दादा बोलला हे लोखंडच दरिद्री आहे, रात्री तेल पितं नि सकाळी विसरतं, म्हणून तर शेठने दिलं. आत्या बोलली, काल केवढी काजळी बसली होती त्याच्यावर, माझी नखं दुखली.

मी परत मुरवायला बसणार नाय. माझ्याच्याने होणार नाय.

६ डिसेंबर, शनिवार

सगळे चैत्यभूमीला गेलेत, मी घरी राहिली. एवढ्या गर्दीत मला जमत नाय. परत मुरवायला बसली.

७ डिसेंबर, रविवार

आत्या काल रात्री दमून आली तरी पहाटे भांडी घासायला उठली. तिला किती वेळा सांगितलं आराम कर. तानसाला परत तेच. एका पोराने घावन बघून आईला विचारलं, मम्मी हे कुणी आधी खाल्लंय का.

घरी आलो तर नेहा बसलेली. सुपरवायझरशी बोलली म्हणे, जानेवारीत जागा आहे. आई बोलली, ठेव बोलून. नेहा चांगली आहे, माझ्यासाठीच करते. मला तिचा इतका राग आला की तिला चहा दिला त्यात साखर घातली नाय.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आत्या आसनगावला गेलीय, चंदाताईकडे, तिच्या मुलीकडे. चंदाताईला बरं नाय. रविवार करून येईल.

भांडी माझ्यावर आली. ताटं-टोप घासले. दुपारी परत मुरवलेला तवा बघितला नि तो बोरिंगवर उचलून न्यायची मला ताकदच नव्हती. ओल्या फडक्याने पुसला, तेलाचा हात फिरवला नि ठेवून दिला. आत्याने बघितलं असतं तर जीव दिला असता.

१४ डिसेंबर, रविवार

आज एकही चिकटलं नाय.

मी परत लिहिते. एकही नाय. पहिलं घावन घातलं तर उठलं. मला वाटलं चुकून. दुसरं उठलं. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा, पाण्याचे थेंब टाकून बघायचे, ते नाचले की पीठ सोडायचं, एवढंच. मधला भाग जास्त तापतो, तिथे घावन घालायचं, झालं की काठाकडे सरकवायचं, तिथे गरम राहतं. मी पहिल्यांदाच त्या पेटीला शिव्या घातल्या नाय. घरच्या तव्यावर एका वेळी एक होतं, ह्याच्यावर दोन होतात. सुकटीची चटणी संपली. अंडी संपली. लोकं उभी राहिली होती.

एका बाईने मला विचारलं, पिठात काय काय घालता. मी दादाकडे बघितलं. दादा बोलला ते आमचं सिक्रेट आहे. तांदूळ आणि मीठ, सिक्रेट कसलं आलंय.

परत येताना रिक्षात दादा सांगत होता की त्याने काल रेग्युलेटर बदलला म्हणून सगळं जमलं. तोच हिरो.

१५ डिसेंबर, सोमवार

आत्या आली. चंदाताई बरी आहे. आत्याने पिशवी ठेवली नाय तोवर तवा दिसला तिला. दोन दिवस नव्हती तर काय दशा केली गो, बोलली, आणि तशीच बोरिंगवर. गुडघे दुखतात तरी ऐकत नाय. संध्याकाळपर्यंत तवा चांदीसारखा केला.

१६ डिसेंबर, मंगळवार

चिकटलं. नवीन रेग्युलेटर असून.

१८ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार, शेजारपाजारी अंडं कुणी खात नाय, म्हणून अंड्याच्या घावनाची प्रॅक्टिस बंद. नुसती तव्याकडे बघत बसली होती. काळा असला की सुटतं. पांढरा असला की चिकटतं. काळा कधी होता. मुरवला त्या संध्याकाळी, आणि आत्या नव्हती तेव्हा.

मग कळलं. कळलं आणि इतका संताप आला की मी उठून मागच्या दारी गेली आणि नुसती उभी राहिली. एवढे दिवस आमी तांदूळ बदलला, गॅस बदलला, शेठला शिव्या घातल्या. आणि ती रोज पहाटे उठून, गुडघे धरून, विटेच्या चुऱ्याने आमचा धंदा घासून काढत होती.

आईला सांगितलं, तू आत्याला सांग. आई बोलली, मी नणंदेला सांगू भांडी घासू नको म्हणून? गाव काय बोलेल मला. दादाला सांगितलं. तो बोलला सांगतो की, त्यात काय. मग मोबाईल घेऊन झोपला.

मी तवा परत मुरवला आणि गोणपाटात गुंडाळून खाटेखाली ठेवला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

तिने खाटेखालून काढला. वर मलाच बोलली, तुमी पोरं कशी गो, तवा न घासता सारून ठेवता, मुंग्या लागतील.

२१ डिसेंबर, रविवार

आज तानसाला गेलो नाय. मी उठली तेव्हा ती तवा छातीशी धरून बोरिंगकडे चालली होती. मला तिच्या पुढे जाऊन उभं राहावं लागलं.

"आत्या, तो नको घासू."

"का गो?"

"घासला की चिकटतं."

ती हसली. बोलली, घासल्याने कधी काय बिघडलंय का पोरी. मी तिचा हात धरला आणि अंगणात बसवली. तिने घासलेल्या तव्यावर एक घावन घातलं. फाटलं. मग तिच्यासमोर तवा मुरवला, तासभर ती माझ्या बाजूला बसून धुराने डोळे पुसत होती. दुसरं घातलं. ते मी उलथन्याशिवाय, नुसत्या बोटांनी उचलून तिच्या हातावर ठेवलं.

तिने ते घावन उलटंपालटं करून बघितलं. खाल्लं नाय.

मग बोलली, "कळलं मला. पण हा असा काळा तवा घेऊन तू लोकांत बसणार?"

मी बोलली, लोकं घावन बघतात, तवा कोण बघतं.

"बघतात. आपला तवा आधी बघतात."

मग हॉलचं सांगायला लागली. तिथला आचारी तिने घासलेला टोप उचलून तिच्या तोंडासमोर धरायचा, बोलायचा दिसतंय का तोंड तुझं, नाय ना, मग परत घास. आणि एवढी वर्षं काम केलं पण चुलवणाच्या बाजूला तिला यायला नव्हतं. टोप उंबऱ्याशी ठेवायचा, आतला माणूस घेऊन जाणार. का म्हणून विचारलं तर बोलली, रीतच तशी होती. मी पुढे विचारलं नाय. मला तव्याचं पडलं होतं.

शेवटी बोलली, नाय घासत. पण मी म्हशाला येणार नाय. तुमी जा.

तिच्याशिवाय ताटल्या कोण धुणार, पीठ कोण ढवळणार. आईला कामाला जायचं असतं. एक अडचण सुटली की दुसरी ही घरातलीच माणसं काढतात.

२८ डिसेंबर, रविवार

तानसाला चांगलं झालं. फक्त मी नि दादा. दादा पत्रा धरायचा, ताटल्या द्यायचा, पैसे घ्यायचा आणि एकेका गिऱ्हाईकाशी गप्पा मारत बसायचा. ताटल्या संपल्या तेव्हा तो एका माणसाला फार्महाऊसच्या आंब्याची माहिती देत होता. दोघांनी जत्रा होणार नाय हे मला दिसतंय.

घरी आलो तर आत्या मशिनवर जुनी साडी शिवत होती. निळी. काय करतेस विचारलं तर सांगितलं नाय.

३ जानेवारी, शनिवार

पौर्णिमा. आत्या पहाटे विहारात वंदनेला गेली ती सरळ जत्रेच्या टेम्पोजवळ येऊन उभी राहिली. पांढरी साडी, हातात पिशवी. दादा बोलला, येतेस काय. ती बोलली, मग काय, पोरीला एकटीला सोडू तुझ्यासारख्याबरोबर.

पिशवीत ती निळी साडी होती. पडदा शिवलाय तिने. ग्रिलच्या पुढे बांधायचा, म्हणजे लोकांना ताटलीतलं घावन दिसेल, तवा दिसणार नाय.

मी हात जोडले. आत्या, गॅस आहे तो. ती बोलली, मी धरते ना लांब.

बैलबाजाराच्या कडेला जागा मिळाली. एका बाजूला घोंगडीवाले, दुसऱ्या बाजूला बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचं दुकान. धूळ एवढी की तोंड उघडायची सोय नाय, तेवढं माझ्यासाठी बरं. पडदा बांधला. वारा आला की पडदा आत यायचा आणि मी पीठ सोडून पडदा धरायची. पडद्याने हवा अडली तर बर्नर फडफडायला लागले. घुंगरवाला बोलला, काय ताई, आत नाटक आहे काय.

दुपारी पडद्याची कडा करपली. मी तो ओढून काढला आणि आत्याच्या हातात दिला. तिने घडी घालून पिशवीत ठेवला आणि ताटल्या धुवायला मागे जाऊन बसली, तव्याकडे पाठ करून.

धंदा बरा झाला. पण तिने दिवसभर काय खाल्लं नाय.

४ जानेवारी, रविवार

आजचं नीट लिहिते.

सकाळपासून गर्दी. तवा मस्त तापलेला, घावनं सुटत होती. दादा पुढे, मी तव्यावर, आत्या मागे ताटल्यांवर. एक बाई आली, तिच्या हातात नवीन घोंगडी, बरोबर सून. वास चांगला येतोय बोलली. दोन सांगितली. मग दादाला विचारलं, कुठले तुमी. दादाने गाव सांगितलं. तिने विचारलं, आडनाव काय. दादाने आडनाव सांगितलं.

ती हां बोलली. मग पुढे वाकून तव्याकडे बघितलं आणि सुनेला नाय, मला पण नाय, असंच हवेत बोलली, "तुमच्यात तवा घासायची पद्धत नाय वाटतं."

दादा सुट्टे पैसे मोजायला लागला. दादा, जो आंब्याच्या जाती सांगत बसतो. रांगेतली चार-पाच माणसं पण तव्याकडे बघायला लागली. मला सांगायचं होतं की घासला की चिकटतं, तेवढंच वाक्य. दोन आठवड्यांपूर्वी मी ते आत्याला बोललेली होती. पण तोंडातून काय येईना. हातात उलथनं तसंच.

मागे ताटल्यांचा आवाज थांबला. मला वाटलं आता आत्या उठणार आणि तवा उतरवून घासायला घेणार. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर तो तडकतो, हे पण माझ्या मनात येऊन गेलं.

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून उठायला तिला वेळ लागतो. पदराला हात पुसले. पिठाच्या टोपातला डाव घेतला, मला कोपराने बाजूला केलं आणि तव्याच्या मधोमध पीठ सोडलं. गोल. एकाच फिरवण्यात. तिला मी कधी घावन घालताना बघितलं नव्हतं, घरी आईच घालते किंवा मी. कडा सुटल्या तसं तिने ते बोटांनी उचललं आणि उजेडात धरलं. पलीकडचे बैल दिसत होते त्यातून.

"घे बाय," ती त्या बाईला बोलली.

बाई बोलली, नको, राहू दे, उपास आहे. सुनेला घेऊन घुंगरांच्या दुकानाकडे गेली.

आता आत्या रडेल असं मला वाटलं. तिने ते घावन मागच्या माणसाच्या ताटलीत ठेवलं. तो बैल विकायला आला होता, त्याने उभ्या उभ्या खायला सुरुवात पण केली. मग तिने कांदा फिरवला आणि दुसरं घातलं.

"जाऊ दे तिला," बोलली. "तिच्यासाठी नाय घासायची मी तवा."

मी बोलली, आत्या, दे इकडे, तू बस. तिने दिलं नाय.

७ जानेवारी, बुधवार

अजून नाय दिलं.

चार दिवस झाले, तवा तिच्याकडे आहे. गुडघे दुखतात म्हणून दादाने तिला उंच स्टूल आणून दिलं, त्यावर राणीसारखी बसते. मला तव्याला हात लावू देत नाय. बोलते, तू मधल्या आगीवर जास्त ठेवतेस. हे तिला मीच शिकवलं. काल तेल फिरवायला गेली तर माझ्या हातावर फटका मारला. घुंगरवाल्याला सांगते, बिडाचा तवा काळाच पाहिजे, पोरांना कळत नाय. घुंगरवाला मान डोलावतो.

दादाला आजपासून फार्महाऊसवर जायला लागलं, शेठ आलाय. म्हणजे तव्यावर आत्या आणि पुढे मी. लोकं माझ्याकडे. हे मी मागितलं नव्हतं. मला तवा पाहिजे होता. तव्याच्या मागे उभं राहिलं की कुणी तोंडाकडे बघत नाय, म्हणून तर मला हा धंदा बरा वाटत होता.

सकाळी नेहा आईकडे आली होती. सोमवारपासून जागा आहे, संध्याला विचारा. आई बोलली, "संध्या नाय येत, ती धंद्याला असते." आईने हे मला विचारलं नाय. पण ह्या वेळी चालेल.

दुपारी गर्दी झाली. एक जण बोलतो साधं, एक बोलतो अंड्याचं, एक लेकराला तिखट नको बोलतो. मी वळून आत्याला सांगायची, आणि ती बोलायची, काय? परत सांगितलं तर परत, काय? बैल हंबरतायत, पाळण्याचा भोंगा चालू. शेवटी ती चिडली. बोलली, संध्ये, पोटात बोलू नको, मला काय ऐकू येत नाय, किती घालू ते मोठ्याने सांग.

मला इतका वैताग आला होता की मी सांगितलं.

"चार घाल. दोन साधी, दोन अंड्याची. आणि एकाला तिखट नको."

घोंगडीवाले पण बघायला लागले. मी तशीच पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळली आणि विचारलं, तुमाला किती.